अठ्ठ्याण्णव कड्यांचे माप

एका पत्राला एकतीस वर्षे उत्तर गेले नाही. ते पत्र ज्या खिळ्याला टोचून ठेवले होते, त्याच खिळ्याला मी टांगलेली होते. म्हणून त्या दोषातला थोडा वाटा माझाही आहे, असे मला उगीचच वाटत राहिले.

मी एक जुनी मोजणीची साखळी आहे. मित्रांनो, माझ्या शंभर कड्या होत्या, प्रत्येक कडी वीतभर लांब. एका मोठ्या बंगल्याभोवतीची बाग आखायला मला आणले. पहिल्याच महिन्यात दगडांची गाडी माझ्या अंगावरून गेली आणि दोन कड्या चेपल्या. बाग आखणाऱ्या थोरल्या माळ्यांनी त्या काढून टाकल्या आणि टोके जोडली.

"अहो, ही आता तोकडी झाली की!" मुकादम म्हणाला.

"होऊ दे. बाग मीच आखणार आणि हिनेच मोजणार. झाडं काय कड्या मोजायला येणार आहेत?"

सरूच्या रांगा, वळणाच्या वाटा, तळे, टेकडीवरून तळ्यात पाणी आणणारा जमिनीखालचा पाट, सारे माझ्या मापाने झाले. नकाशावर माळी लिहीत, 'इतक्या साखळ्या'. मी तोकडी आहे, हे मात्र त्यांनी कुठेच लिहिले नाही. त्यांना ते ठाऊक होते, म्हणजे जगालाही ठाऊक असणार, असे ते धरून चालले. तळे बघायला लांबून लोक येत. माझे नाव कोणी घेतले नाही, पण मला त्याचे वाईट वाटले नाही.

पुढे माळी थकले आणि लेकीकडे गेले. ते वारल्यावर लेकीचे पत्र आले: "बाबा सारखे म्हणायचे, साखळी जपा, बाग तिच्याच मापाची आहे. ती आहे ना अजून? एवढंच कळवा." कचेरीतला तरुण कारकून मोठा वाचनवेडा, पण भिडस्त. त्याने चार मसुदे केले आणि चारही फाडले. बरे जमले की पाठवू, असे म्हणून पत्र अवजारांच्या खोलीत माझ्या खिळ्याला अडकवले. त्याच वर्षी बंगल्याला कुलूप लागले. पाटाची झडप कोणीतरी बंद केली, तिच्यावर माती साचली, तळे आटले.

गेल्या वर्षी बंगल्याची देखभाल करणाऱ्या मंडळाने बाग पुन्हा उभी करायचे ठरवले. जुन्या नकाशावरचे अक्षर लावायला त्या कारकुनालाच बोलावले. आता तो पांढऱ्या केसांचा काका झाला होता. 'फाटकाच्या खांबापासून सरळ रेषेत झडप बारा साखळ्या,' त्याने वाचले. इंजिनिअर बाईंनी साखळी पुऱ्या शंभर कड्यांची धरून नव्या टेपने मोजले आणि खणले. माती. पुढे खणले, तरी मातीच. मंडळाने बजावले, "शनिवारपर्यंत पाणी आलं नाही, तर तळं बुजवून गाड्या लावायला जागा करू."

शुक्रवारी काका तोंड लपवायला अवजारांच्या खोलीत आले, आणि समोर ते पत्र! वाचता वाचता त्यांचा हात माझ्यावर गेला. त्यांनी माझ्या कड्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. तिसऱ्यांदा मोजून ते बाहेर आले.

"बाई, माझंच चुकत असेल... पण या अठ्ठ्याण्णव आहेत."

"मग?"

"बारा साखळ्यांत चोवीस कड्यांचा फरक. आपण पुढे जाऊन खणतोय. अर्थात, मी काही त्यातला नव्हे..."

"काका, चुकलं तर खड्डा बुजवू. तुम्ही धरा ते टोक!"

मी गंजले होते, कुरकुरत होते, पण तुटायचे नाही असे मी ठरवले होते. बारा वेळा मला ताणून अंथरले. बाराव्या टोकाशी पहार मारली आणि ती दगडी झाकणावर खणकन वाजली. झाकणाखालच्या झडपेला तेल पाजले, हातोडे मारले. शनिवारी सकाळी पाणी गढूळ आले, दुपारी स्वच्छ.

मित्रांनो, जुनी वस्तू भंगारात टाकण्याआधी तिने काय मोजले होते, ते एकदा विचारा. ते माहीत असणारे माणूस हयात असेल, तर त्याला आजच विचारा.

आता मी कचेरीच्या खिडकीत टांगलेली आहे. तिथेच बसून काकांनी पत्र लिहिले. या वेळी मसुदा केला नाही.

"ताई, साखळी आहे. दोन कड्या कमी आहेत, हे कळायला मला फार वर्षं लागली. तळं भरलंय. या."

"पत्ता जुना आहे हो, पोचेल की नाही..." ते पुटपुटले.

"टाका तर आधी!" बाई ओरडल्या.

फाटकाबाहेरच्या लाल पेटीपाशी काका क्षणभर थांबले. मग त्यांनी हात पेटीत मनगटापर्यंत घातला आणि रिकामा बाहेर काढला.