हुंकार कोणाचा मोठा

जेवणानंतरच्या बैठकीत कोणाच्याच अंगात त्राण उरलं नव्हतं. मिनियापोलिसच्या हॉटेलच्या तळघरातल्या सभागृहात इंटरनेटचे नियम ठरवणारे दोनशे इंजिनिअर मांडीवर लॅपटॉप घेऊन पेंगत होते. व्हर्ना लिंडक्विस्ट अध्यक्षांच्या टेबलामागे खुर्चीत रुतून बसली होती. तिला अडुसष्टावं लागलं होतं. ती या बैठकांना पहिल्यांदा आली तेव्हा ही सगळी मंडळी एका वर्गात मावत आणि कॉफी आपापल्या थर्मासातून आणत.

प्रश्न एकच होता, तीन वर्षं चघळून चोथा झालेला. इंटरनेटवरची माहिती पुढे धाडणाऱ्या राउटरला बाहेरून तात्पुरते रस्ते सांगायचे, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं की त्याने ते विसरायचे. पण हे सांगायचं कुठल्या प्रोटोकॉलने, यंत्रांच्या कुठल्या बोलीत? एक प्रोटोकॉल व्हर्ना आणि तिचा सहकारी इरविन यांनी बारा वर्षं खपून उभा केलेला, असल्याच कामासाठी. दुसरा सगळ्यांच्या यंत्रांत आधीच रुळलेला, फक्त त्याला विसरायला शिकवायचं होतं. इरविनला जाऊन दोन वर्षं झाली होती. आज त्यांचा प्रोटोकॉल पडला, तर पुन्हा कोणी त्याला हात लावणार नव्हतं.

"मुलीच्या स्पर्धेला आईच परीक्षक!" पहिल्या रांगेतून रॉस्को ओरडला. तो जुना मित्र, तिच्याच बाजूचा, घसा बैलासारखा.

"गप रे. तुला बसवू का इथे?"

"नको बाई. मला पाच वाजता बिअर प्यायची आहे."

इथे हात वर करून मोजत नाहीत. कोणीही यावं, सभासद असा कोणी नसतोच, तर मोजणार कोणाला? तोंड मिटून हुंकार द्यायचा, आणि अध्यक्षाने कान देऊन कौल कुठे ते सांगायचं. आज कान द्यायची पाळी व्हर्नाची होती. शेजारी बसलेली तरुण सहअध्यक्ष मिरेय टिपणं घेत होती.

"खास तात्पुरत्या कामाचा प्रोटोकॉल ज्यांना हवा, त्यांनी हुंकार द्या."

रॉस्कोचा हुंकार घुमला.

"रुळलेला ज्यांना हवा, त्यांनी."

काहीतरी बारीक आलं आणि विरलं.

"कौल पहिल्याकडे," व्हर्ना म्हणाली. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. सभेत कोणी उठलं नाही. मायक्रोफोनपाशी जाऊन भांडायची ताकद होती कोणाला?

मिरेयची बोटं मात्र कळफलकावर थांबली होती.

"काय गं?"

"काही नाही. तुम्ही म्हणाल तेच लिहिते." मग हळूच, "पण दुसऱ्या वेळी माझं टेबल थरथरलं, व्हर्ना."

व्हर्नाचा हात कानाकडे गेला. नवं श्रवणयंत्र, गेल्याच महिन्यात घेतलेलं. डॉक्टरने कौतुकाने सांगितलं होतं, पंख्याची, फ्रिजची एकसुरी घरघर हे आपणहून गाळून टाकतं. दोनशे माणसांचा हुंकार म्हणजे दुसरं काय? रॉस्को नाकासमोर बसला होता म्हणून तेवढा पोचला.

मिरेय लिहायला तयार होती. व्हर्ना काही बोलली नाही, तर तिची बारा वर्षांची मेहनत वाचत होती.

तिने यंत्र कानातून काढून मुठीत धरलं. बायकांचे बारीक आवाज तिला आताशा यंत्राशिवाय कळत नसत, पण खालच्या पट्टीतला सूर अजून नीट ऐकू येई.

"माफ करा. माझ्या कानात बिघाड होता. पुन्हा एकदा."

पहिल्याला रॉस्को आणि त्याच्या आसपासचे वीसेक. मग दुसरा हुंकार आला, शेवटच्या रांगेपासून, जमिनीतून आल्यासारखा, आणि तिच्या मनगटांपर्यंत चढला. किती दिवसांनी ऐकत होती ती हा आवाज. इरविन नेहमी डोळे मिटून ऐकायचा.

"कौल दुसऱ्याकडे," ती म्हणाली. "लिही, मिरेय."

बैठक उठली. रॉस्को टेबलाशी आला, तिच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटला. तिला शब्द कळले नाहीत. यंत्र मुठीतच होतं, ते तिने पर्समध्ये टाकलं.

"चल," ती म्हणाली, "पाच वाजायची वाट कशाला बघायची?"