फॉर्मवरची आत्या

वेल्डरने फॉर्मवर तिसऱ्या ओळीत जे लिहिलं ते धादांत खोटं होतं, आणि लिहिताना त्याचा हात जरासुद्धा अडखळला नाही. ‘मुलाला घरी कोण सांभाळतं?’ असा प्रश्न होता. त्याने लिहिलं: मुलीची आत्या. बहीण सोडा, त्याला चुलत बहीणसुद्धा नव्हती.

खोटं बोलायची त्याला हौस नव्हती. बायको वारली तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. त्यानंतर जिथे जिथे तो काम मागायला उभा राहिला, तिथे मुकादमाने त्याचा वेल्डिंगचा जोड बघायच्या आधी विचारलं, “पोरीला कोण बघतं?” ‘कोणी नाही’ म्हटलं की मुकादम ‘कळवतो’ म्हणायचा आणि कळवायचा नाही. असं दोनदा झाल्यावर तिसऱ्या ठिकाणी वेल्डरने आत्या जन्माला घातली. तिच्या भरवशावर गल्लीच्या टोकाला, खिडक्यांच्या ग्रिल बनवणाऱ्याकडे त्याला काम मिळालं. तेही ऑर्डर असेल तेव्हा, दोन-तीन तास. तेवढा वेळ मुलगी घरात आणि दाराला बाहेरून कडी. खिडकीला त्याने स्वतः ग्रिल बसवली होती, मुलीच्या डोक्याचं माप घेऊन. याहून जास्त सांभाळणं त्याला परवडत नव्हतं.

आणि आता हे मदत कार्यालय आणि त्यांचा हा फॉर्म. अडचणीतल्या आई-बापांना पक्की नोकरी लावून देतं म्हणे. बसगाड्या बांधायच्या कारखान्यात वेल्डर हवे होते, सकाळी सातची पाळी, महिन्याचा पगार. हे सगळं फुकट. तिथेच वेल्डरच्या मनात पाल चुकचुकली. त्यात कार्यालयातल्या चष्मेवाल्या बाईंनी नोकरीपेक्षा मुलीबद्दलच जास्त विचारलं. वय काय, जेवते किती वाजता, रात्री दचकून उठते का. नोकरी कोणाला लावायचीय, मला की तिला? असं त्याच्या ओठावर आलं होतं. तीन आठवडे कार्यालयाकडून काहीच आलं नाही. मग बाईंचा फोन आला. “उद्या दुपारी घरी येते. जरा बघायचंय.”

“बघायचंय म्हणजे पडताळायचंय,” शेजारचा शिंपी म्हणाला. गल्लीत कोणाचंही काही बिघडणार असलं की शिंप्याला ते आधी कळायचं. “पोर एकटं सापडलं की घेऊन जातात.”

“कुठे?”

“ते मला काय माहीत? नेतात एवढं खरं.”

नोकरी गेली तर गेली, पण मुलगी? त्याला दुसरं होतंच कोण? ‘नको तुमची मदत’ म्हणून कळवावं, तर त्यांना जास्तच संशय येणार. मग दोघांनी मिळून आत्या उभी केली. शिंप्याने बायकोची साडी आणून दोरीवर वाळत टाकली. दाराशी तिच्या चपला ठेवल्या. मशीनवरचा अर्धवट शिवलेला ब्लाउज खाटेवर पसरला. शिंप्याचा उत्साह असा, की आणखी तासभर मिळाला असता तर त्याने आत्याचं लग्न ठरवलं असतं. मुलीला वेल्डरने चारदा घोकवून घेतलं. “आत्या कुठेय? काय सांगायचं?”

“बाजारात गेलीय.”

“शहाणी माझी.”

बाई आल्या. दोरीवरच्या साडीकडे बघितलं, चपलांकडे बघितलं. चहा नको म्हणाल्या, म्हणजे वेल्डरच्या हिशेबी चिन्ह वाईट होतं. त्यांनी दाराची कडी हातात धरून बघितली. आतल्यापेक्षा बाहेरची कडी जास्त घासलेली होती. मग त्या मुलीसमोर खाली बसल्या.

“आत्या कुठे गेली गं?”

“बाजारात,” मुलगी म्हणाली. वेल्डरने श्वास सोडला. पण मुलगी थांबली नाही. “बाबा कामावर गेला की येते. खाटेखाली बसते.”

“खाटेखाली?”

“हो. कोणी दार वाजवलं की आम्ही दोघी तिथे बसतो. ती माझ्या तोंडावर हात ठेवते. म्हणते, रडायचं नाही, बाबा ग्रिल करून येतो. मग आम्ही मोजतो. मला वीसपर्यंत येतं, तिला पुढचं पण येतं.”

यातलं एक अक्षरही वेल्डरने शिकवलं नव्हतं. फॉर्मवरची आत्या पोरीने त्याच्याच तोंडून ऐकली होती. बंद खोलीत, एकटीने, तिला हात दिले होते, आवाज दिला होता. शिंपी दारातून हळूच सटकला.

“आत्या नाही,” वेल्डर म्हणाला. “कोणीच नाही. मी कडी लावून जातो. काय लिहायचं ते लिहा, पण हिला नेऊ नका.”

“नेऊ?” बाईंनी चष्मा काढला. “कुठे नेऊ? अहो, कारखान्याच्या फाटकाशी मुलांची खोली आहे. सहाला उघडते, दोन बाया असतात, शेवटची पाळी सुटेपर्यंत. ती फक्त घरी कोणी नसेल त्यांच्यासाठी, आणि नोकऱ्याही आधी त्यांनाच. तुमच्या घरी आत्या. तीन आठवडे तुमचा कागद त्या एका ओळीपायी अडकून पडलाय. म्हटलं, जाऊन बघावं.”

वेल्डरला चटकन पटेना. खरं असेल? की हीसुद्धा गोड बोलायची रीत? “मी त्या खोलीत आधी जाऊन बघणार,” तो म्हणाला. “दोन्ही बायांना भेटणार. खिडक्या तपासणार.”

“तपासा की. सोमवारी या, हिलाही आणा.” बाईंनी फॉर्म काढून तिसरी ओळ खोडली, वर ‘कोणी नाही’ लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. या वेळी त्याचा हात अडखळला, पण सही झाली.

बाई गेल्यावर मुलगी त्याच्या मांडीवर येऊन बसली. तिने विचारलं, “बाबा, आत्या नाही?”

“नाही गं, बाळा. नव्हतीच ती.”

“मग माझ्याशी कोण बोलायचं?”

वेल्डरने तिला घट्ट धरलं आणि तो रडला. त्याला बघून मुलीने आपला छोटा हात त्याच्या तोंडावर ठेवला आणि मोजायला सुरुवात केली.