ओमच्या वाटीतलं उरलेलं

मोहिनी सिस्टर वजनकाट्यापुढे अशा उभ्या राहतात, की रांगेतल्या कुणालाच आकडा दिसत नाही. मोठ्यानं सांगतही नाहीत. लिहून घेतात आणि म्हणतात, "या ताई, बसा." माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो तिथेच.

माझ्या ओमच्या वेळी गरोदरपणात वाढलेली साखर दोन वर्षं झाली तरी उतरत नव्हती. वजन हललं नाही तर पुढच्या खेपेला गोळ्या सुरू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भीती गोळ्यांची नव्हती. सटाण्याला माझ्या आईची नजर याच दुखण्यानं गेली. नातवाचा चेहरा ती हातानं चाचपून बघते.

मी रोज मळ्यापासून मखमलाबाद नाक्यापर्यंत चालत होते. भात बंद, चहा बिनसाखरेचा. तरी काटा जागचा हलेना.

"खोटं नाही हो बोलत मी," मी सिस्टरांना म्हटलं.

"माहितीये. म्हणून तर विचारतेय. सकाळपासून काय काय झालं, सांगा."

तेवढ्यात ओम भुकेनं कुरकुरायला लागला. मी डबा उघडला. तूप घातलेला वरणभात, वाटी अगदी काठोकाठ. एक घास चिऊचा, एक काऊचा करत त्यानं चार-पाच घास घेतले आणि तोंड फिरवलं. मी सिस्टरांना सकाळचा हिशोब देत राहिले. अर्धी भाकरी, मेथी, दुसरं काही नाही.

"आणि आत्ता?" त्यांनी हळूच विचारलं.

"आत्ता कुठं काय?"

मग माझं हातातल्या वाटीकडे लक्ष गेलं. ती रिकामी होती. घास अजून माझ्या तोंडात होता.

सिस्टर हसल्या, पण मला हसल्या नाहीत. "अहो, माझ्या दोघांचं उरलेलं मीही असंच संपवायचे. ते जेवण कधी जेवण वाटतच नाही ना!"

"पण अन्न टाकायचं कसं?"

"टाकू नकाच. दोन चमचे वाढा. मागितलं की परत वाढा."

"आणि उपाशी राहिला तर?"

त्यांनी हे हसण्यावारी नेलं नाही. ओमला काट्यावर उभं केलं, त्याच्या कार्डावरची रेघ मला दाखवली. "बघा, छान वाढतोय. भूक लागली तर हा गप्प बसेल, असं वाटतं तुम्हाला?"

घरी सासूबाईंनी वाटी पाहिली. "एवढंसंच? लेकराला उपाशी मारती काय गं?"

"सिस्टरांनी सांगितलंय, आई."

"त्यांचं काय जातंय सांगाया!"

संध्याकाळी सिस्टरांचा फोन आला, तोही सासूबाईंसाठी. मला इकडचंच ऐकू येत होतं. "हां... नाय, तसं नाय... तेबी खरंच हाय म्हणा..." फोन ठेवून म्हणाल्या, "लय गोड बोलती गं ती बाई." आणि स्वतःच दोन चमचे वाढले. ओमनं ते संपवून वाटी पुढे केली. "अजून!"

"बघ, मागतोय की!" सासूबाई अशा ऐटीत म्हणाल्या, जणू युक्ती त्यांचीच.

पुढच्या तपासणीत वजन उतरलेलं होतं, साखरही. डॉक्टर म्हणाले, "सध्या तरी गोळ्या नकोत."

बाहेर येऊन मी सिस्टरांना म्हटलं, "'सध्या तरी' का म्हणाले असतील हो?"

"आजचा दिवस तरी खुशीत जाऊ द्या, ताई," त्या म्हणाल्या. "पुढची काळजी करायला आपण दोघी आहोतच की."