खिळ्यावरचा बिल्ला

खाणीच्या युनियनच्या इतिहासाचं पुस्तक टाइप करायला मी घेतलं ते एकाच लोभानं. मृतांच्या यादीत बाबांचं नाव घालून घ्यायचं होतं. गाव म्हणतं, मोठ्या संपात ते बायकोमुलीला टाकून पळाले. आई तीस वर्षं एकच सांगते, ते डबा घेऊन खाणीतल्या पंपावर गेले होते.

खाणीत उतरताना आपला पितळी बिल्ला खिळ्यावरून काढून सोबत न्यायचा. खिळा रिकामा, म्हणजे माणूस खाली. संपात चारशेच्या चारशे बिल्ले खिळ्यांवर राहिले. गाव अजून त्या आठवणीवर मिशीला पीळ देतं. नवव्या दिवशी खाणीचा एक भाग कोसळला. सगळे बिल्ले जागेवर दिसले, म्हणून कुणाला न शोधताच त्या भागाचं तोंड बुजवलं.

आता खाण बंद आहे आणि युनियनमध्ये अकरा म्हातारे उरलेत. त्यांच्या सेक्रेटरीकाकांना मी बाबांबद्दल सरळच विचारलं. ते चष्मा पुसू लागले.

"पाणी चढलं असतं तर संपानंतर काम कुठलं, पोरी? पंप चालवायला मीच पाठवलं त्याला. म्हटलं, बिल्ला राहू दे, नाहीतर लोक संपफोड्या म्हणतील."

"आणि तोंड बुजवताना?"

"बोललो असतो तर संप मोडला असता."

संप पुढे तीन दिवसांत मोडलाच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे आत्ताच्या आत्ता पुस्तकात लिहा, मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली, पण बाकीच्यांना विचारावं लागेल म्हणाले.

अकराही जण जमले. खाण गेली, नोकऱ्या गेल्या, पोरं परगावी गेली, एकही माणूस खाली उतरला नाही एवढंच तर आपलं उरलंय, असं एकजण म्हणाला. पुस्तकातलं ते वाक्य तसंच ठेवायचं ठरलं. हात वर झाले, त्यात काकांचाही होता. मी मूग गिळून टाइप केलं. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी केलं असतं, अशी मनाची समजूत घातली. त्या समजुतीची मला आजही लाज वाटते.

पुस्तक छापून आलं. काका काय म्हणाले ते मी आईला शब्दन् शब्द सांगितलं. तिनं चष्मा लावून पुस्तकातलं संपाचं पान दोनदा वाचलं.

"तसं असतं तर त्यांनी लिहिलं असतं," ती म्हणाली. "आणि तूही असं टाइप केलं नसतंस."

तिनं पुस्तक मिटलं.

"पळालेच असतील मग."