भिंत म्हातारी करायची

तळ्याकाठच्या बागेतल्या पंपघराची भिंत भास्कररावांनी रविवारी दुपारी पाहिली आणि त्यांना लेकीची कीव आली. जागोजागी ओल धरल्यासारखे डाग, कोपऱ्यात हिरवट शेवाळ, खिडकीखाली काळे ओघळ. दोन दिवस राबून एवढंच झालं? आणि आता पोर घरी मेल्यासारखी झोपली होती.

सिल्वासात सिनेमाचं युनिट उतरलं होतं. त्यांचे कलादिग्दर्शक मधुकर अश्विनीला म्हणाले होते, "सोमवारी सकाळी ही भिंत तयार हवी. पसंत पडली तर मदतनीस म्हणून मुंबईला नेतो." चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन ती दोन वर्षं राखोलीच्या कारखान्यात खोक्यांवर शिक्के मारत होती. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. भास्कररावांनाही ते ठाऊक होतं. पण बांधकाम खात्यात कारकुनी करून त्यांना एकच कळत होतं : पाहुणे येणार, चुना मारा.

त्यांनी खात्यातल्या कारभारी नावाच्या रंगाऱ्याला बोलावलं. तो धुळ्याकडचा. भिंत पाहून म्हणाला, "साहेब, ही तर पार आजारी दिसू राहिली!"

"म्हणून तर तुला बोलावलं."

दोघांनी मिळून दोन हात चुना मारला. भास्कररावांची कंबर धरली, पण भिंत लख्ख झाली.

चारच्या सुमारास अश्विनी आली आणि जागीच थांबली.

"बाबा, हे काय केलंत?"

"तू दमली होतीस ना. म्हटलं, उरलेलं आपण करावं."

"ती चाळीस वर्षांची दिसायला हवी होती."

कारभारीने हळूच कुंचला खाली ठेवला. "पोरी, आधी सांगायचं ना."

"सांगितलं होतं. बाबा पेपर वाचत होते."

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती गवतावर बसून राहिली. मग म्हणाली, "घरात चहाची पावडर किती आहे?"

चहा उकळला, काजळी खलली, गेरू कालवला. अश्विनी सांगेल तिथे भास्करराव फडकं दाबत राहिले. अंधार पडला तेव्हा भिंत पुन्हा आजारी पडली होती.

सकाळी मधुकर आले. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. "चांगली झालीय. पण इथलं गाण्याचं शूटिंग आता तळ्याच्या पलीकडच्या काठावर घेतोय. ही दिसणार नाही."

भास्कररावांना राहवलं नाही. "अहो, पोरीने दोनदा केली ती!"

"दोनदा? का गं?"

"मध्ये चुना लागला," ती एवढंच म्हणाली.

मधुकर थकल्यासारखे हसले. "आमच्याकडे पाचदासुद्धा करावी लागते. आणि शेवटी दिसत नाही. जमेल?"

नाही म्हण, असं भास्कररावांच्या अगदी ओठांवर आलं.

"जमेल," अश्विनी म्हणाली. डोक्यावर ओझं घेताना म्हणावं तसं.

"मग गुरुवारी सामानाच्या टेम्पोतून चल."

ते निघून गेले. राहायचं कुठे, जेवायचं काय, भास्कररावांना सगळं विचारायचं होतं. पण अश्विनी भिंतीला टेकून उभ्या उभ्याच पेंगत होती. त्यांनी तिच्या हातातली बादली अलगद काढून घेतली.