कटकटीचं संशोधन

चांगुणा पगारे नाशिकच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. आजारी माणूस डॉक्टरचं का ऐकत नाही, हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. ब्लडप्रेशरच्या गोळ्या कोण नेमाने घेतं आणि कोण टाळतं, हे विचारत त्यांनी इंदिरानगरपासून ओझरपर्यंत घरं पालथी घातली आणि त्र्याऐंशी साली दिल्लीच्या एका नियतकालिकात निबंध छापून आणला. निष्कर्ष असा की, ज्यांची बायको सतत मागे लागते, ते पुरुष गोळ्या चुकवत नाहीत.

निबंध कुणी वाचला नाही. प्राचार्यांनी अभिनंदन केलं, तेही निबंधाचं पाकीट न फोडता. पण एका वार्ताहराला कुणकुण लागली आणि रविवारच्या पेपरात मथळा झळकला: ‘घरात कटकट, नवरा धडधाकट’.

मग बाईंना बाजारात निवांत वांगी निवडणं अशक्य झालं. अनोळखी बायका हात धरून म्हणायच्या, "आमच्या मनातलं लिहिलंत." कात्रणं कपाटांवर चिकटली. पुरुषांनी मात्र दुखवटा पाळला. बाईंचे यजमान भिमाजी देवळाली कॅम्पात कारकून होते. डबा उघडला की शेजारचा म्हणायचा, "पगारे, तुम्ही तर शंभरी गाठणार." भिमाजी भाकरी मोडायचे. बाई खूश होत्या. संशोधनाचा समाजावर परिणाम म्हणतात तो हाच, असं वर्गातही सांगू लागल्या.

पुढच्या हिवाळ्यात पुण्याच्या परिषदेत त्यांनी निबंध वाचला. पहिल्या रांगेत एक म्हातारे प्राध्यापक झोपले होते. निदान तसं वाटत होतं. त्यांनी डोळे उघडले.

"बाई, गोळी घेता का, असं तुम्ही नवऱ्याला विचारलंत. तेव्हा बायको कुठे होती?"

"तिथेच. चहा घेऊन उभी असायची."

सभागृह असं हसलं की अध्यक्षांना टेबल बडवावं लागलं.

एसटीत संगमनेरपर्यंत बाई त्या प्राध्यापकांना मनातल्या मनात शिव्या देत होत्या. सिन्नर आलं तेव्हा लक्षात आलं, म्हाताऱ्याचं बरोबर आहे.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कारभारींना गाठलं. ओझरच्या कारखान्यातून रिटायर झालेले कारभारी म्हणजे निबंधातला आदर्श पेशंट, आणि मागे लागण्यात त्यांच्या लंकाबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. कारभारी पानटपरीवर एकटे सापडले.

"खरं सांगा, गोळ्या घेता?"

कारभारींनी आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. "जिभेखाली धरतो, मॅडम. ती आत वळली की मोरीत."

"मग रोज घेतो म्हणालात ते?"

"लंका कपबशी घेऊन डोक्यावर उभी होती. तुम्ही काय सांगितलं असतं? आन् हुकमानं मला नाय गिळवत."

बाईंनी मग एकेका नवऱ्याला घराबाहेर गाठलं. बऱ्याचशा गोळ्या मोरीत गेल्या होत्या, काही गटारात, एकाच्या तर शेवंतीच्या कुंडीत. शेवंतीची तब्येत तेवढी उत्तम होती.

"गप्प बस की," घरी सगळं ऐकून भिमाजी म्हणाले. "तुझं वाचलंय कुणी? कुणाला कळणार आहे?"

परिषदेतल्या हशापेक्षा बाईंना हे जास्त लागलं. त्याच रागात त्यांनी दुसरा निबंध लिहिला: माझा निष्कर्ष चुकला, पेशंटला एकट्याला विचारा. त्या वार्ताहराकडेही गेल्या. तो म्हणाला, "छापलं असतं, मॅडम. पण आमच्या घरीही हाच पेपर येतो आणि मीही गोळ्या मोरीतच टाकतो."

त्यामुळे नाशकात कटकट हितकारकच राहिली. लंकाबाईंना बाईंनी काही सांगितलं नाही. कारभारींना मात्र बजावलं, "तुमच्या मोरीचं प्रेशर उत्तम आहे. तुमचं नाही." कारभारी हसले, आणि पुढे भेटले की आपणहून सांगायचे, आता गिळतो. बाई त्यातलं निम्मं धरून चालायच्या.

दुसऱ्या निबंधाचा मात्र बोलबाला झाला. मद्रासपासून लंडनपर्यंत लोक त्याचे दाखले देऊ लागले. सत्त्याऐंशी साली एम.ए.च्या पाठ्यपुस्तकात, पाहणीतल्या चुकांच्या प्रकरणात, बाईंचं नाव आलं. ‘पगारे यांची चूक’ असा अख्खा परिच्छेद होता. भिमाजींनी तो चष्मा लावून मोठ्याने वाचला.

"म्हणजे तुझी चूक आता परीक्षेला येणार?"

"येईल. पाच मार्कांना," बाई म्हणाल्या, आणि नाव नीट छापलंय ना, हे बघायला त्यांनी पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेतलं.