कहासुना माफ

आमच्या दिघी बंदरात बोटीवर कामाला निघालेला माणूस आधी घरोघर जाई. उंबऱ्यात उभा राहून म्हणे, "कहासुना माफ." म्हणजे बोलण्याचालण्यात काही दुखावलं असेल तर माफ करा. घरातलं माणूस म्हणे, "माफ." दर्यावरून कोण परतेल याचा नेम नसे. मरणाऱ्याच्या उशाशीही हेच बोलायची रीत. मला लहानपणी हे उंबऱ्यातलं बोलणं फार आवडे, कारण निघणाऱ्याच्या हातावर नानी नारळाची वडी ठेवी आणि एक मलाही मिळे.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षी माझा शब्बीरमामू असाच निघाला. सोबत त्याचा जिवलग मोहम्मद आणि शेजारचा नुरुद्दीन. तिघेही आगबोटीच्या भट्टीत कोळसा टाकायचे.

पुढच्या साली बातमी आली. अमेरिकेतल्या एका बंदरात मोहम्मदचा खून झाला आणि पोलिसांनी शब्बीरमामूलाच पकडलं. नानीने अंथरूण धरलं. तेव्हा गावाला पेपर वाचून दाखवणारे हरेश्वर मास्तर येऊन म्हणाले, "भाभी, घाबरू नका. तिथं राजा नाही, नवाब नाही. बारा साधी माणसं बसून निवाडा करतात."

"म्हणजे पंचच की!" नानी उठून बसली. "पंच हायत तर विचारतील. विचारलं की माझा शब्बीर सांगेल."

त्या दिवसापासून ती रोज धक्क्यावर जाऊ लागली.

एके दिवशी धक्क्यावर नुरुद्दीन एकटाच उतरला. आमच्या ओटीवर येऊन बसला, पण पाण्याच्या तांब्याला हात लावेना.

"गोदीवर एका गोऱ्याशी मोहम्मदची बाचाबाची झाली, चाची. गोऱ्यानं सुरा घातला नि पळाला. शब्बीरनं मोहम्मदचं डोकं मांडीवर घेतलं. रडत म्हणत होता, कहासुना माफ कर रे, माफ कर. तेवढ्यात पोलीस आले."

"मग? कोर्टात सांगितलंस ना हे?"

"मला थोडी इंग्रजी येते, म्हणून मलाच उभं केलं. मरणाऱ्याला हा काय म्हणाला, म्हणून विचारलं. मी खरं तेच बोललो. माफी मागत होता."

"आणि का मागत होता ते?"

"सांगायला लागलो, तर जज म्हणाला, विचारलं तेवढंच बोल."

"आपला वकील न्हवता?"

"सरकारनंच दिलेला. त्यानं घड्याळ बघितलं नि म्हणाला, मला काही विचारायचं नाही."

"आणि तो गोरा?"

"तो साक्षीला आला, चाची. नवा कोट घालून. बाराच्या बारा पंच त्याच्याच रंगाचे. आत गेले ते माझी विडी संपायच्या आत बाहेर आले."

पुढचं नुरुद्दीनने न विचारताच सांगितलं. तिथं विजेच्या खुर्चीत बसवून मारतात, शब्बीरलाही तसंच मारलं.

माझी आई गुलबानू किंचाळली, "तू मारलंस माझ्या भावाला! तुझ्या तोंडानं मारलंस!"

"गप," नानी म्हणाली. "कसम घेऊन खोटं बोलायचं होतं त्यानं?"

हरेश्वर मास्तर त्यानंतर आमच्या दारावरून जाताना पेपर काखेत दडवत.

नुरुद्दीनची पोरं घरी उपाशी. पाऊस सरल्यावर तो पुन्हा बोटीवर निघाला. सगळी घरं झाली, शेवटी आमच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला. तोंड उघडी नि पुन्हा मिटी.

नानी तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

"बोल की," ती म्हणाली. "इथं तुला कोण खुर्चीत बसवणार न्हाय."

तो चौकटीला धरून रडला. मग कसंबसं म्हणाला, "कहासुना माफ, चाची."

"माफ," नानी म्हणाली. हातावर वडी ठेवली. मला त्या दिवशी वडी मागावीशी वाटली नाही.

"या खेपेला बोट कुठं जाते?" नानीने विचारलं.

तो खाली बघून म्हणाला, "अमेरिकेलाच."

नानीने सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"मग ध्यानात ठेव, नुरु. तिथं आपला कोण मेला, तर तोंड बंद ठेव."